अनिताची जीभ आणि रतनबाईंचा अबोला

भाजे गावात अनिताला तोंडावर सगळे वहिनी म्हणतात आणि पाठीमागे रेडिओ. वराळ्याची मुलगी ती. लग्न होऊन आली त्या दिवशी मळवलीच्या फाटकात गाड्या अडल्या, तर या नव्या नवरीने शालू सावरत काचेतून डोकं बाहेर काढलं आणि फाटकवाल्याला विचारलं, “दादा, मालगाडी हाय का पॅशिंजर?” बरोबरच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. तेव्हापासून आजतागायत तिच्या तोंडाचा पट्टा थांबलेला कुणी पाहिलेला नाही. ती कोंबड्यांशी बोलते, गॅसशी बोलते, चुलीत ओलं लाकूड लागलं तर त्याच्या सात पिढ्या काढते.

अशा बाईच्या नशिबी सासू आली ती रतनबाई. भांडायला त्याही कमी नव्हत्या, शब्दाला शब्द द्यायच्या; पण एखादी गोष्ट मनाला लागली की अबोला धरायच्या. या अबोल्याच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. आधी भांडी आपटायची. त्याने भागलं नाही तर डोक्यावरून पदर ओढून भिंतीकडे तोंड करायचं. आणि त्यानेही भागलं नाही तर समोर उभ्या माणसाला वगळून बैलाशी बोलायचं. “ढवळ्या, मालकाला सांग, भाकर वाढलीया.” यजमान भिमाजी स्वभावाने गरीब, ते ढवळ्यामार्फतच उत्तर पाठवायचे. एका साली आख्खा श्रावण त्या बैलाच्या मध्यस्थीने पार पडला म्हणतात. पुढे भिमाजी गेले, ढवळ्या गेला, अबोला तेवढा राहिला आणि तो सुनेच्या वाट्याला आला.

अनिताला चार शिव्या चालल्या असत्या. अबोला तिला सोसायचाच नाही. तासाभरात तिचा जीव कासावीस व्हायचा, मग “आत्या, चुकलं माजं, बोला की” म्हणून तीच आधी वाकायची. दर वेळी तीच. रतनबाईंना हे पक्कं ठाऊक होतं.

गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी ठिणगी पडली ती ठेच्यावरून. शनिवार-रविवार धबधब्याला माणसांची जत्रा असते, आणि अनिताच्या ओसरीवर पिठलं-भाकरीला पंगती बसतात. नवरा कैलास नवलाख उंबऱ्याच्या कंपनीत पाळीवर. तेव्हा हे सगळं सासू-सुनेच्या जिवावर. भाकरी अनिताची आणि ठेचा रतनबाईंचा, खलबत्त्यात कुटलेला. त्या दिवशी रात्रीच्या जेवणाला गर्दी आवरेना म्हणून अनिताने मिरच्या मिक्सरला लावल्या. रतनबाईंनी बोटावर घेऊन चाखलं आणि पुण्याच्या पाहुण्यांसमोर म्हणाल्या, “ह्यो ठेचा न्हाई, चिखल हाय.”

“मग उद्यापास्नं तुमीच करा समदं,” अनिता म्हणाली. “मी बसते खाटंवर पाय पसरून. तुमाला तरी काय, बसूनच तर खायाचं असतं.”

हे शेवटचं वाक्य नको होतं. जेवणाऱ्या पोरांनी माना खाली घातल्या. रतनबाईंनी बोट पदराला पुसलं, आत गेल्या आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या.

रविवारी सकाळी अनिता उठली तीच मनाशी ठरवून, की या खेपेला आपण आधी बोलायचं नाही. आपण काय जन्मभर वाकायचं? रतनबाई उठल्या, मोरीत गेल्या. थोड्या वेळाने तांब्या दाणकन आपटल्याचा आवाज आला. “आपटा, आपटा,” अनिता पिठाच्या परातीला म्हणाली आणि मिक्सर चालू केला. मग रतनबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, चौकटीला धरून. अनिताला त्या डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसल्या. तिने मुद्दाम वर पाहिलं नाही. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा रेडिओ बंद राहिला, आणि राहिला तो नेमका त्या सकाळी. जरा वेळाने दारातली सावली हलली. अनिताला वाटलं, गेल्या पुन्हा भिंतीकडे.

रात्रपाळी करून आलेला कैलास दुपारी उठला आणि आईला हाक मारायला गेला, तेव्हा त्याला तिचं वाकडं झालेलं तोंड दिसलं. उजवा हात अंथरुणावर टाकल्यासारखा पडला होता. गावातल्याच एका गाडीत घालून तळेगावच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, “नीट बोलताना शेवटचं कधी पाहिलं होतं?”

कैलासने बायकोकडे पाहिलं. “काल रातच्याला,” अनिता म्हणाली.

हे खरंच होतं. तरीही डॉक्टर जेव्हा म्हणाले, की झोपेतच अटॅक आला असणार, लवकर कळलं असतं तर एक इंजेक्शन देता आलं असतं, तेव्हा ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. रतनबाई सकाळी उठल्या होत्या, चालल्या होत्या, दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, हे तिने सांगितलं नाही. कैलासने सगळ्या गावाला सांगितलं, “आईला झोपंतच झालं, कुनाच्या हातात काय न्हवतं.” ती सकाळ पाहिलेली घरात दोनच माणसं. एक अनिता. आणि दुसरीला आता बोलता येत नव्हतं.

महिन्याभरात रतनबाई काठीच्या आधाराने चालू लागल्या. वाचा मात्र गेली ती गेलीच. काहीही सांगायचं झालं की तोंडातून एकच निघायचं, “ते न्हाई ते.” भूक लागली तरी ते न्हाई ते, ओसरीवर कुत्रं शिरलं तरी ते न्हाई ते. आपण म्हटलं काय आणि निघालं काय हे त्यांना स्वतःला कळायचं, आणि संतापाने त्या मांडीवर थापा मारायच्या. गावातल्या बायका कानाशी येऊन ओरडून बोलायच्या, जणू बाई बहिरी झाली आहे. कुणी म्हणायचं, डोक्यावर परिणाम झालाय. चार वेळा आल्या, मग यायच्या थांबल्या.

दर मंगळवारी तळेगावहून राजेश्वरी मॅडम यायला लागल्या. वाचा-उपचार करणाऱ्या. वयाने अगदी तरुण, स्कूटरवरून रेनकोटात निथळत यायच्या आणि आधी अर्धा कप चहा मागून घ्यायच्या, त्यामुळे अनिताला आवडल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, “मावशींचं डोकं शाबूत आहे. त्यांना सगळं समजतं, सगळं आठवतं. फक्त शब्द हाताला लागत नाहीत. याला अफेजिया म्हणतात.”

“समदं आठवतं?” अनिताने विचारलं.

“अगदी सगळं.”

अनिता उठून गाळण शोधायला लागली. ते तिच्या हातातच होतं.

इथून तिच्या जिवाला जो घोर लागला तो लागला. सासूची वाचा यावी म्हणून तिने एकवीरेला नवस बोलला होता, आणि तो मनापासून बोलला होता. मात्र दर मंगळवारी मॅडमची स्कूटर वाजली की तिच्या हातातलं काम थांबायचं. आज एखादा शब्द आला तर? उद्या दोन आले तर? शब्दाला शब्द जोडत ती सकाळ बाहेर आली तर? रात्री कूस बदलून बदलून अंग दुखायचं. दिवसा हात रिकामा ठेवायची भीती वाटायची, म्हणून घासलेली भांडी ती पुन्हा घासायला घ्यायची.

मॅडम चित्रं दाखवायच्या. छत्री, चावी, कप, हत्ती. रतनबाईंनी महिनाभर ती चित्रं सहन केली. हत्ती तिसऱ्यांदा समोर आला तेव्हा त्यांनी तो डाव्या हाताने उडवून लावला आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाल्या, “मुडद्या!”

मग मॅडम टाळ्या पिटत हसायला लागल्या. शिव्या पुष्कळदा शाबूत राहतात, म्हणाल्या, आपसूक येणाऱ्या शब्दांचं तसंच असतं. कैलासने आनंदाने पेढे आणले. शिवीचे पेढे वाटणारं हे भाज्यातलं पहिलं घर. अनिताने आपला पेढा परत डब्यात ठेवला.

हळूहळू आणखी शब्द आले. चा. व्हय. न्हाई, पण व्हय म्हणायचं असताना न्हाई निघायचं, म्हणून मॅडमनी अंगठा वर-खाली करायला शिकवलं. मी. बी. जा. मॅडमच्या दवाखान्यात किती चित्रांची नावं आली यावर प्रगती ठरायची, आणि त्या मापाने रतनबाईंचं बरं चाललं होतं. मॅडम मात्र नाखूश दिसायच्या. एकदा त्या चित्रांचा गठ्ठा पिशवीतून काढायचाच विसरल्या, की मुद्दाम काढला नाही, कोण जाणे. त्या नुसत्या बसून राहिल्या आणि घर कसं चालतं ते पाहत राहिल्या.

त्यांनी पाहिलं ते असं. रतनबाईंनी तोंड उघडलं, “प… प…”

“पानी पायजे? हे घ्या. का पंखा? पंखा लावते. पडवीत जायाचं का? चला, धरा माजा हात.”

रतनबाईंनी तोंड मिटलं.

“अनिताताई,” मॅडम म्हणाल्या, “तुम्ही त्यांना बोलूच देत नाही.”

“मी? मी न्हाई बोलू देत? मॅडम, मी तर त्यांच्या तोंडातून शब्द पडायच्या आत सगळं हातात आणून देते.”

“तेच म्हणतेय. एक प्रश्न विचारायचा, छोटासा. आणि थांबायचं. भाकरी तव्यावर टाकल्यावर फुगेपर्यंत थांबता ना, उलथनं न लावता? तेवढं थांबायचं. त्यांच्याऐवजी बोलायचं नाही. कळलं नाही तर नाही कळलं म्हणायचं, कळल्याचं सोंग करायचं नाही. अर्धं औषध तेच आहे.”

अनिता व्हय म्हणाली. आणि तिला थांबता आलं नाही. प्रश्न विचारून गप्प बसलं की त्या रिकाम्या जागेत काहीतरी येऊन उभं राहायचं, चौकटीला धरून. ती घाईघाईने ती जागा शब्दांनी भरून टाकायची. लोक म्हणायचे, सून असावी तर अशी, सासूला बोलायचा त्रास पडू देत नाही. हे कौतुक ऐकलं की ती उठून आत जायची.

लोणावळ्याला मॅडमनी असल्या आजाऱ्यांची आणि त्यांच्या घरच्यांची एक बैठक सुरू केली होती. एका शाळेच्या हॉलमध्ये, गुरुवारी. तिथे अनिता सासूला घेऊन गेली. चाँदभाई म्हणून एक होते, बाजारात त्यांचं दुकान, वाचा गेलेली, आणि सोबत त्यांच्या बायको खुर्शीदा. चहाच्या वेळी चाँदभाईंनी तिसरं बिस्किट उचललं, तर खुर्शीदाने सरळ त्यांच्या हातावर चापट मारली. “ठेवा. साखर वाढलीय ते डॉक्टरांनी तुम्हालाच सांगितलंय, मला नाही.”

चाँदभाईंनी बराच वेळ तोंडाची हालचाल केली. खुर्शीदा कमरेवर हात ठेवून थांबली. शेवटी ते म्हणाले, “तू… तू… पोलीस.” आणि बिस्किट तोंडात टाकलं. सगळा हॉल हसला. रतनबाई तर इतक्या हसल्या, की पदराने डोळे पुसायला लागल्या. आजारपणानंतर त्या हसल्याचं अनिता पहिल्यांदा पाहत होती.

“तुम्ही भांडता यांच्याशी?” तिने खुर्शीदाला बाजूला घेऊन विचारलं. “या अवस्थेत?”

“का नको? आजारी पडले म्हणून काय पीर झाले का?” खुर्शीदा म्हणाली. “पहिले दोन महिने मी पण हळू हळू बोलायचे. माणूस वाळत चाललं होतं.”

परतीच्या गाडीत अनिता खिडकीतून बाहेर बघत राहिली आणि मळवली येईपर्यंत एक अक्षर बोलली नाही. रतनबाई तिच्याकडे वळून वळून पाहत होत्या.

पुढच्या मंगळवारी मॅडमनी एक लांबट पुठ्ठा आणला. त्यावर पाच चेहरे काढलेले, एका टोकाला हसणारा आणि दुसऱ्या टोकाला रडणारा. “आता शब्दांचं पुरे,” त्या म्हणाल्या. “मावशी, तुमचं जगणं कसं चाललंय ते मला सांगा. बोट ठेवा फक्त.” कैलास सुट्टीवर होता, तोही येऊन बसला.

हात कसा आहे? बोट मधल्या चेहऱ्यावर. चालणं? त्याहून बरं. जेवण? हसरा चेहरा. बाहेर जाणं-येणं? जरा वाईट. मग मॅडमनी विचारलं, “घरात तुमच्याशी बोलतात ते? तुमचं ऐकतात का?”

रतनबाईंनी बोट उचललं आणि रडक्या चेहऱ्यावर ठेवलं. ठेवलं नाही, आपटलं. मग तेच बोट वर करून त्यांनी अनिताकडे रोखलं.

“आई!” कैलास उसळला. “आगं ती किती करती तुजं! वेनीफनी करती, घास भरवती, आन तू तिच्यावर बोट दावती?”

“मुडद्या!” रतनबाई म्हणाल्या.

“थांबा हो दादा, त्यांना सांगू द्या,” मॅडम म्हणत होत्या. पण अनिता उठली होती. दूध उतू चाललंय म्हणाली आणि आत गेली. दूध तापत नव्हतंच. ती स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभी राहिली. तिला वाटलं, झालं. आज बोट दाखवलं, उद्या तोंडाने सांगतील. कैलास मग आपल्याकडे कसा बघेल, हे तिला उघड्या डोळ्यांनी दिसत होतं.

ते चार दिवस तिने कसे काढले ते तिचं तिला माहीत. सासूच्या समोरून जायची ती नजर चुकवून. सेवा मात्र दुप्पट केली. मऊ भात, गरम पाणी, पायाला तेल. जितकं तेल चोळलं तितक्या रतनबाई जास्त धुमसत होत्या.

शनिवार उजाडला. ओसरीवर निगडीची पोरं भिजून येऊन बसली होती, पंधरा-एक. अनिता भाकऱ्या थापत होती. मागे खुट्ट झालं म्हणून वळून पाहिलं, तर रतनबाई खलबत्ता पायांच्या बेचक्यात धरून बसलेल्या आणि डाव्या हाताने मिरच्या कुटायला लागलेल्या. निम्म्या मिरच्या बाहेर उडत होत्या.

“आत्या, ऱ्हाऊ द्या, मी करते,” म्हणत अनिताने बत्ता काढून घ्यायला हात घातला.

रतनबाईंनी सोडला नाही. हिने ओढला, त्यांनी धरला. मग रतनबाईंनी तो असा हिसडला, की खल आडवा झाला आणि मीठ, लसूण, मिरच्या सगळं जमिनीवर.

आणि अनिताचा बांध फुटला.

“मग काय करू मी?” ती ओरडली. “काय करू ते तरी सांगा! तेल लावते तर राग, भरवते तर राग. माज्यावर बोट दावलंत ना त्या दिवशी? सांगा की मग सगळ्यास्नी! सांगा, हिला दिसत व्हतं तरी ही बोलली न्हाई म्हणून! त्या सकाळी मोरीत तांब्या पडला, मला वाटलं रागानं आपटला. तुमी दारात येऊन हुब्या ऱ्हायला, मला वाटलं अबोला. मला काय ठाव? आयुष्यभर तुमी अबोलाच धरत आला! खऱ्याचा कोंचा आन रुसव्याचा कोंचा, मला कसं कळावं?”

ओसरीवरची पोरं माना वळवून आत बघायला लागली. शेजारची रेणुका कुडावरून डोकावली आणि लगेच खाली बसली. दारात कैलास उभा होता, हातात पाण्याचा जार.

“कंच्या सकाळी?” त्याने विचारलं. “आई सकाळी उठली व्हती?”

आता लपवण्यात काय अर्थ होता? “व्हय,” अनिता म्हणाली. “उठल्या व्हत्या. हितं दारात आल्या व्हत्या. मी वर बघितलं न्हाई. ठेच्यावरून भांडलो व्हतो. डॉक्टरांला मी त्येवढं सांगितलं न्हाई.”

कैलासने जार खाली ठेवला. तो काहीतरी बोलणार होता आणि ते चांगलं नसणार हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण रतनबाईंनी डावा हात उचलून पंजा त्याच्यासमोर धरला. लहानपणी तो मध्ये बोलला की धरायच्या तसाच. तो गप्प झाला.

रतनबाईंच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता, आणि रागाने त्यांचा चेहरा कितीतरी महिन्यांनी जागा झालेला दिसत होता. त्यांनी बोट अनिताकडे केलं. मग पुरं अंगच हलवत, जोर लावत म्हणाल्या, “तू… तू… चू…”

“चुकले,” असं अनिताच्या ओठावर आलं. तिने ते गिळलं आणि थांबली. तव्यावरची भाकरी करपायला लागली. तिने गॅस बंद केला, पण जागची हलली नाही.

“चूक,” रतनबाई म्हणाल्या. अनिताने मान हलवली. व्हय, चूक.

मग रतनबाईंनी तेच बोट वळवून स्वतःच्या छातीवर ठेवलं. “मी… बी.”

“तुमी? तुमची काय—” आणि पुन्हा अनिता थांबली. हे थांबणं मोठं कठीण होतं. कैलास मध्येच श्वास घ्यायचा, बाहेर कुणीतरी खोकलायचं.

रतनबाईंनी डाव्या हाताने पदर डोक्यावरून ओढला आणि भिंतीकडे तोंड केलं. सगळ्या भाज्याला माहीत असलेली ती रीत. मग पदराआडून वळून बघत त्यांनी स्वतःच्या ओठांवर चिमूट धरली.

“रुसला व्हता,” अनिता म्हणाली. “सकाळी बी?”

अंगठा वर.

“म्हंजी उठला तवा… तुमी मुद्दामच बोलत न्हवता?”

अंगठा पुन्हा वर, जोरात. रतनबाईंनी निकामा उजवा हात डाव्याने उचलून मांडीवर टाकला आणि खांदे उडवले. रात्रभर अंगाखाली आला असंल, बधिर झाला असंल, असं वाटलं होतं त्यांना. बोलायचंच नव्हतं, तर बोलता येत नाही हे कळणार तरी कसं? अनिताला हे हळूहळू उमगत गेलं. त्या सकाळी या घरात दोन बायका हट्टाने तोंड मिटून वावरत होत्या, आणि त्यातल्या एकीची वाचा गेलेली तिच्या स्वतःच्याच ध्यानात आली नव्हती.

“मग कळलं कवा?” अनिताने विचारलं. एकच प्रश्न. छोटासा. आणि थांबली.

रतनबाई भिंतीला धरून उठल्या. कैलास पुढे झाला, त्याला त्यांनी ढकललं. काठी न घेता, पाय ओढत त्या स्वयंपाकघराच्या दाराशी गेल्या आणि चौकटीला धरून उभ्या राहिल्या. त्यांनी तोंड उघडलं. त्यातून काहीच निघालं नाही. पुन्हा उघडलं. तसंच. त्या करून दाखवत होत्या, त्या दिवशी झालं ते.

“हाक मारायची व्हती,” कैलास म्हणाला. “मला उठवायचं व्हतं ना, आई? मी पलीकडंच झोपल्यालो.”

रतनबाईंनी अंगठा खाली केला. मुलाकडे बघितलंसुद्धा नाही. त्या सुनेकडे बघत होत्या.

“अ,” त्या म्हणाल्या. “अ… अ…”

अनिताला कळलं होतं. कैलासलाही कळलं असावं, कारण तो जागीच मटकन खाली बसला. कुणीही सहज पुरा करून दिला असता असा तो शब्द. अनिताने दोन्ही हात पदरात घट्ट आवळून धरले आणि तोंड मिटून ठेवलं. रतनबाईंच्या मानेच्या शिरा ताठल्या, कपाळावर घाम आला.

“अ… ने,” त्या म्हणाल्या. आणि मग, वाट सापडल्यासारखं, पूर्वी परड्यातून सुनेला हाक मारायच्या तशी, वरच्या पट्टीत, “अने!”

अनिता त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होती. “ओ,” ती म्हणाली. “ओ आत्या, आले.”